लाल झालेली बोटं

जूनचा शेवटचा आठवडा, पाऊस नुकताच लागलेला, मैदानात सगळा चिखल, आणि आमच्या शाळेत दप्तरवाटप होतं. वाटप करणारी मंडळी दहा वाजता येणार होती, म्हणून मी सव्वानऊपासून माझ्या दुसरीच्या वर्गाला सतरंजीवर रांगेत बसवून ‘थँक्यू सर, थँक्यू मॅडम’ घोकून घेत होते. एका सुरात यायला हवं होतं. पहिल्यांदा शेवटची रांग मागे पडली, दुसऱ्यांदा कोणीतरी ‘गुड मॉर्निंग सर’च म्हणालं, तिसऱ्यांदा छान जमलं. १९ वर्षं मी प्राथमिकला शिकवतेय आणि हे दरवर्षी करून घेत आलेय, त्यामुळे त्यात काही वेगळं वाटायचं कारणच नव्हतं.

दप्तरं चांगली होती, खरंच चांगली, चेन मजबूत, बाजूला पाण्याच्या बाटलीला जागा. निळा रंग आणि पुढच्या कप्प्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत छापलेलं, ‘गरजू विद्यार्थ्यांना सप्रेम भेट’, खाली देणाऱ्यांचं नाव. मग फोटो. फोटोत अक्षरं दिसायला पाहिजेत म्हणून मुलांनी दप्तर पुढे धरून उभं राहायचं. एक मुलगा अक्षरं स्वतःच्या पोटाकडे करून दप्तराला मिठी मारून उभा होता, नवीन वस्तू मिळाल्यावर पोरं धरतात तसं, तर फोटो काढणाऱ्याने येऊन ते त्याच्या हातातून सोडवलं आणि सुलटं करून परत दिलं.

दुपारी डबा झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. त्याला नुकतंच सरळ वाचता यायला लागलं होतं, दुकानांच्या पाट्या, पीएमटीवरचे बोर्ड, रिक्षाच्या मागचं, दिसेल ते वाचत सुटायचा. बोट ठेवून त्यानं वाचलं, ग, र, जू. “बाई, गरजू म्हणजे काय?”

“ज्याला गरज असते तो.”

“मला दप्तराची गरज होती?”

“हो, होती ना.”

“पण सगळ्यांनाच असते. तुमच्याकडे पण पर्स आहे.” मग थोडा विचार करून, “मग तुमच्या पर्सवर का नाही लिहिलं?”

मला उत्तर देता आलं नाही. घंटा झाली, तो पळाला. दुसऱ्या दिवशी तो तेच दप्तर घेऊन आला आणि पुढच्या कप्प्यावर साडीचा एक तुकडा शिवलेला होता, जांभळ्या फुलांचा, चारही बाजूंनी बारीक टाके, एक अक्षर दिसत नव्हतं. त्याच्या आईनं रात्री बसून शिवला असणार. तो काही बोलला नाही, मीही काही विचारलं नाही, पण ते टाके मी दिवसभर बघत होते.

देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, दप्तरं हवीच होती. प्रश्न माझा होता. मी त्या पोरांना सकाळी तासभर नक्की काय शिकवत होते? दप्तर हातात पडायच्या आधीच त्यांच्याकडून आभार वसूल करून ठेवले होते, आणि याला आपण संस्कार म्हणतो.

आपल्या घरांमध्ये तसं थँक्यू नव्हतंच ना कधी. आईनं ताट वाढलं म्हणून तिला कोणी धन्यवाद म्हटलं तर ती म्हणेल, बरं वाटत नाहीये का तुला. धन्यवाद हा शब्द भाषणातला, आभारप्रदर्शन हे कार्यक्रमाच्या शेवटी, लोक चपला शोधायला लागलेले असतात तेव्हा. घरात ते बोलून दाखवणं परकं वाटतं, आणि म्हणून बरेच लोक म्हणतात की आपल्यात कृतज्ञता शिकवत नाहीत, ते इंग्लिश मीडियमवाल्यांचं बघा, मुलं कशी पटकन थँक्यू म्हणतात. मला हे पटत नाही. माझे आजोबा खेड तालुक्यातले, शेतकरी, ते जेवून उठताना हात धुवायच्या आधी पुटपुटायचे, “अन्नदाता सुखी भव.” रोज. आजीकडे बघून नाही, ताटाकडे बघून. अन्नदाता म्हणजे आजी का, शेत का, बैल का, देव का, हे लहानपणी मला कधी कळलं नाही, आता वाटतं त्यात सगळेच येत होते.

आणि आपला शब्द बघा किती नेमका आहे, उपकाराची ‘जाण’ ठेवणं. कृतज्ञ मध्येही तेच, कृत म्हणजे केलेलं, आणि ते जाणतो तो कृतज्ञ. म्हणणं त्यात कुठेच नाही, कळणं आहे. आम्ही शाळेत म्हणायला शिकवतो आणि कळायचं राहून जातं. सात वर्षांच्या मुलाला कळलं पाहिजे की ही गोष्ट आपोआप झालेली नाही, कोणीतरी केली, आणि करताना त्या माणसाला काहीतरी झळ लागली. एवढं एकदा दिसलं की पुढचं पोरं स्वतः करतात, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकते, पण तिथपर्यंत यायला मला दोन वर्षं लागली.

त्याआधी मी भिंतीवर झाड केलं होतं. कार्डपेपरचं खोड, हिरवी पानं, आणि प्रत्येकाने रोज एका पानावर लिहायचं की आज मी कोणाचा आभारी आहे. ही कल्पना बाहेरून आली, २००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी एक अभ्यास केला होता, त्यात काही लोकांना दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला आणि काहींना नुसत्या घडलेल्या गोष्टी, आणि चांगल्या गोष्टी लिहिणारे लोक आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. मग २००८ मध्ये जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी हेच सहावी-सातवीच्या २२१ मुलांबरोबर दोन आठवडे करून बघितलं. तिथून हे वह्या-झाडं-बरण्या सगळ्या जगातल्या शाळांमध्ये पसरलं. पण ती मुलं ११ ते १३ वर्षांची होती. माझी सात वर्षांची. पहिल्या आठवड्यात झाडावर ४२ पानं होती, त्यातल्या ३० पानांवर ‘आई बाबा देव बाई’ असंच लिहिलेलं, काही जणांनी शेजारच्याचं बघून. एकीनं रोज ‘बाई’ लिहिलं आणि रोज मला दाखवायला आणलं. ते कृतज्ञता नव्हतं, तो गृहपाठ होता. दिवाळीच्या सुट्टीत पानं गळून पडली आणि मी परत लावली नाहीत.

फ्रो यांचंच नंतरचं एक काम मला जास्त उपयोगी वाटलं, ते ८ ते ११ वर्षांच्या मुलांबरोबरचं आहे. २०१४ मधलं. त्यात मुलांना यादी करायला लावत नाहीत, एखाद्या प्रसंगात तीन गोष्टी शोधायला शिकवतात. समोरच्याने हे मुद्दाम माझ्यासाठी केलं का, त्याला त्यासाठी काय खर्ची घालावं लागलं, आणि मला त्याचा काय उपयोग झाला. मी हे माझ्या मुलांच्या भाषेत केलं, कोणी केलं, मुद्दाम केलं का, आणि करताना त्याला काय त्रास झाला. तिसरा प्रश्न पोरांना सगळ्यात आवडतो. त्रास म्हटलं की कान टवकारतात.

पण प्रश्न कागदावर राहिले असते जर त्या शुक्रवारी पाणी गेलं नसतं.

पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गुरुवारी पर्वतीला दुरुस्तीचं काम, शहराचा पाणीपुरवठा बंद, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. पेपरमधलं हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. वरच्या टाकीत पाणी चढलंच नव्हतं, खालच्या नळाला बारीक धार होती, आणि आमच्या शाळेच्या मावशी, ज्या झाडतात, फरशी पुसतात, घंटा देतात, पोरांना उलटी झाली तर तीही काढतात, त्या खालून बादल्या भरून वर आणत होत्या. प्यायच्या पिंपासाठी दोन आणि बाथरूमसाठी चार. मी वर्गात हजेरी घेत होते आणि दारातून मावशी एका बाजूला कलून जाताना दिसल्या. नेहमीच जातात. त्या दिवशी मात्र मी हजेरी बंद केली आणि मुलांना म्हटलं, चला, मावशींच्या मागे.

जिन्याच्या ५४ पायऱ्या आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मुलांनी मोजल्या. मग मी एक छोटी बादली अर्धी भरली आणि दोघं-दोघं मिळून उचलून एकेक टप्पा चढायचं असं ठरवलं. सांडलं, खूप सांडलं, कोणाचे मोजे भिजले, कोणी भांडलं की तू नीट धरत नाहीस. वर पोचेपर्यंत बादलीत चार तांबे उरले असतील. आणि मग एका मुलीनं तिचा हात माझ्यासमोर धरला. बादलीची कडी जिथे रुतते ना, बोटांच्या मधल्या पेरांवर, तिथे लाल वळ उठला होता, आणि बोटं पूर्ण सरळ होत नव्हती. “बाई, बघा.” मग सगळ्यांनीच हात पुढे केले, कोणाकोणाला वळ आलेत ते बघायला, आणि त्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, मावशींचे बघू.

मावशी हसायला लागल्या, काय बघता रे हात, चला वर्गात. पण दाखवले. वळ वगैरे काही नव्हता, तिथली कातडी कधीच जाड होऊन गेलेली, आणि बोटांच्या टोकांना फिनेलनं आणि पाण्यानं पडलेल्या भेगा, काळ्या, काही खोल. माझ्या डोळ्यांसमोर हे हात १९ वर्षं आहेत. मी त्यांच्याकडून हजेरीपुस्तक घेतलंय, चहाचा कप घेतलाय.

त्या दिवशी वर्गात मी काही बोधपर बोलले नाही, मुद्दाम. फक्त तीन प्रश्न विचारले. आणि पुढच्या आठवड्यात हळूहळू गंमत व्हायला लागली, म्हणजे एक मुलगा पिंपातून पेला अर्धाच भरून प्यायला लागला, कारण म्हणे उरलेलं मोरीत ओतलं तर मावशींची एक पायरी फुकट जाते. हे गणित मी त्याला शिकवलेलं नाही. दुसऱ्या एकानं आपलं वासाचं खोडरबर, स्ट्रॉबेरीचा वास येतो ते, मावशींच्या झाडूशेजारी ठेवून दिलं. मावशी मला आणून द्यायला आल्या, कोणाचं पडलंय बघा. मी म्हटलं, पडलेलं नाही, तुमचंच आहे.

खोडरबर का, तर त्याच्याकडची सगळ्यात भारी वस्तू ती होती. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर या बाईंनी ७ ते १५ वर्षांच्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारले होते, तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती जो पुरी करेल त्याच्यासाठी तू काय करशील. काही मुलं म्हणाली, थँक्यू म्हणेन. लहान मुलांपैकी बरीच जणं म्हणाली की मी त्याला माझं अमुक देईन, म्हणजे स्वतःला जे आवडतं तेच. आणि वय वाढतं तसं काहींच्या मनात येतं, की त्या माणसाला काय हवं असेल. हा शेवटचा टप्पा फार मोठा आहे, आपल्यातल्या कितीतरी मोठ्या माणसांनाही तो जमत नाही, आपण लग्नात आपल्याला आवडणारे सेटच देतो. पण म्हणून खोडरबर देणाऱ्याचं काही कमी नाही. त्याला ‘मावशींना खोडरबर काय कामाचं’ असं म्हणून हसणं हा गुन्हा आहे, आणि मोठी माणसं सहज करतात.

आम्ही मग प्रश्न घेऊन बाहेरही पडलो. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या स्वच्छच्या ताई, हिरवा कोट घातलेल्या, त्यांच्याशी पोरं बोलली. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना, आणि त्यातून पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था आली, हे मी सांगितलं, पण पोरांना त्यात रस नव्हता, त्यांना ‘काय त्रास होतो’ हवं होतं. ताईंनी सांगितलं, काच. फुटलेला ग्लास लोक तसाच पिशवीत टाकतात आणि आम्ही हातानं वेगळा करतो. झालं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्याकडे पालकांचे मेसेज, की घरी बशी फुटली तर हा रडून रडून पेपरात गुंडाळायला लावतोय आणि वर लाल पेननं ‘काच’ लिहितोय. एका आजोबांनी विचारलं, हा शाळेचा प्रोजेक्ट आहे का. नाही म्हटलं.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी चार-पाच मुली नऊवारी आणि मोठं कुंकू लावून येतात आणि पाठ केलेलं म्हणतात, मी सावित्री, १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची पहिली शाळा, लोक शेण मारायचे, मी दुसरी साडी सोबत न्यायचे. टाळ्या. यावेळी एकीनं मधेच विचारलं, “मग ती साडी कुठे बदलायची? शाळेत खोली होती?” आणि दुसरी म्हणाली, खराब साडी घरी जाऊन कोण धुवायचं? वर्ग एकदम शांत झाला. ओली, घाण वास येणारी साडी दिवसभर कुठेतरी कोपऱ्यात पडलेली आणि संध्याकाळी ती उचलून घरी न्यायची, हे त्यांना दिसलं. मी त्यांना प्लेगचं सांगितलं, १८९७, हडपसरजवळ मुलाचा दवाखाना, आणि आजारी पोराला पाठीवर घेऊन आलेल्या सावित्रीबाई स्वतःच प्लेगनं गेल्या. “किती किलोचं पोर होतं?” असा प्रश्न आला. तुम्हाला हा प्रश्न विचित्र वाटेल. मला नाही वाटला, ५४ पायऱ्या मोजलेल्या मुलांचा प्रश्न आहे तो.

यात एक गोष्ट मी फार उशिरा शिकले, ती म्हणजे मुलांचे आभार कोणी मानत नाही. आपण दिवसभर त्यांच्याकडून म्हणवून घेतो. माझ्या वर्गात फळा पुसायचं काम त्या दप्तरवाल्या मुलानं स्वतःच घेतलं होतं, कधीपासून ते मला आठवतही नाही. एक दिवस मी त्याला थांबवून म्हटलं, तू फळा पुसतोस ना, तेव्हा खालची पट्टीपण पुसतोस, त्यावरची खडूची भुकटी काढतोस, म्हणून माझ्या पदराला खडू लागत नाही, घरी गेल्यावर साडी झटकावी लागत नाही. तो काही बोलला नाही. नुसता उभा राहिला, कान लाल झाले. मग म्हणाला, “तुम्हाला दिसलं?”

‘शाब्बास’ मी त्याला शंभरदा म्हटलं असेल, त्याने कधी असे कान लाल झाले नव्हते. आणि फोटोवाल्या दिवशी त्याला जे मिळालं नव्हतं ते हेच होतं बहुतेक, दप्तर मिळालं पण त्याला कोणी बघितलं नाही, बघितलं ते अक्षरांना. गरिबाघरच्या पोरांना आपण आभार मानायची इतकी सवय लावतो की घेताना मान खाली जाते, आणि तीच मुलं दिवसभर जे देत असतात, धाकट्या भावाला शाळेत सोडणं, शेजारणीचं पाणी भरणं, ते कोणाच्या हिशोबातच नसतं. म्हणून आता मी दप्तरवाटपाच्या आधी घोकून घेत नाही. मुख्याध्यापकांशी यावर माझी बोलाचाली झाली. यावर्षी वस्तू वर्गात शांतपणे वाटल्या गेल्या, फोटो नाही, आणि ज्याला म्हणावंसं वाटलं तो म्हणाला. बरेच जण म्हणाले, वेगवेगळ्या वेळी, तोंडं भरून.

डिसेंबरात थंडी पडली तेव्हा ती लाल वळवाली मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी पांढुरकं, अंड्याएवढं, घेऊन आली. कोकमाचं तेल. तिची आजी कणकवलीकडची, थंडीत घरात सगळ्यांच्या टाचांना तेच लावतात. तिनं आजीला मावशींच्या हाताचं सांगितलं होतं, जुलैमधलं, आणि आजीनं थंडी पडेपर्यंत लक्षात ठेवून गावाहून मागवून घेतलं.

मधल्या सुट्टीत आम्ही तो गोळा चहाच्या गॅसवर पळीत जरा वितळवला. मावशी नको नको म्हणत होत्या, मी लावीन घरी, तर मुलगी ऐकेना, आजीनं सांगितलंय गरम असतानाच भरायचं. मावशी स्टुलावर बसल्या आणि तिनं एकेक बोट धरून भेगेत तेल भरायला सुरुवात केली, जीभ बाहेर काढून, चित्रात रंग भरतात तसं. दप्तरवाला पळी धरून उभा. बाकीची पोरं दारात. “हळू गं, झोंबतंय,” मावशी म्हणाल्या. “फुंकर मारू?” असं विचारून तिनं मारलीच.

मला आजोबा आठवले. आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला, आणि आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. हळद आणि तूप घेऊन ते बैलाच्या खांद्यावर, बरोबर जिथे वर्षभर जू घासून गाठ आलेली असते तिथेच, हातानं गोल गोल चोळत राहायचे, आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. पोळ्याचे गोंडे आणि झुली सगळ्यांना आठवतात, मला ती अंधारातली गाठ आठवते, आणि त्यांचा तुपकट हात.

त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. घंटा मावशीच देतात, आणि त्यांचे दोन्ही हात तेलाचे होते.